जळक्या ऑइलातलं पाणी

आमच्या घरात इंजिनातलं कुणाला काही कळत नव्हतं, आणि तरी सगळं घर त्या इंजिनाच्या आवाजावर चालायचं. पहाटे होड्या परत येऊ लागल्या की खाडीच्या तोंडाकडून एकामागून एक धडधड ऐकू यायची. वाडीत अशा नऊ-दहा होड्या होत्या आणि मला त्यांचे आवाज सारखेच वाटायचे. आई मात्र चुलीपुढे पेज ढवळता ढवळता मान जराशी वर करायची आणि म्हणायची, "इले." आमचं इंजिन मधेच एक ठोका गिळतं, असं तिचं म्हणणं होतं. मी कितीदा कान देऊन ऐकलं, पण तो गिळलेला ठोका मला कधी सापडला नाही. आई पेजेचं भांडं उतरवायची, टोपली घ्यायची आणि किनाऱ्यावर जायची. मासळी हातात आली की ती आचऱ्याच्या बाजाराला आणि मी एसटीने मालवणला, कॉलेजात.

होडीवर बाबा तांडेल होते. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, कधी परतायचं, हे सगळं त्यांच्या शब्दावर. पण इंजिन त्यांचं नव्हतं. होडीच्या मागच्या अंगाला एका लाकडी पेटीखाली दोन सिलिंडरचं, हँडल मारून सुरू करायचं डिझेल इंजिन होतं आणि त्या पेटीचं झाकण फक्त दाजी उघडायचा. दाजी आमचा ड्रायव्हर. तांडेलाने पाण्याकडे बघायचं आणि ड्रायव्हरने इंजिनाकडे, अशी आमच्याकडची रीत. एकमेकांच्या कामात तोंड घालणं दोघांनाही बरं दिसायचं नाही. इतकी वर्षं त्या इंजिनाच्या जोरावर बाबांनी घर चालवलं, पण त्यात ऑइल कुठून घालतात हे त्यांना सांगता आलं नसतं. आज लिहिताना याचं नवल वाटतं. तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं.

त्या वर्षी पावसाआधी होडी ओढून वर घेतली, नारळाच्या झापांनी शाकारली, आणि दाजी गोव्याला मोठ्या ट्रॉलरवर कामाला गेला. भांडून नव्हे. तिथे काम बारमाही होतं आणि त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. जाताना तो आमच्या पडवीत एक गाठोडं ठेवून गेला. त्यात नट-बोल्ट खोलायचे पाने होते, एक पितळी हातपंप होता, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, तेलकट बोटांनी मऊ झालेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. "नारळाच्या आदी आईल बदला," एवढंच तो बोलला, म्हणजे नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जायच्या आधी. त्याच्या जागी बाबल येणार होता, जाळ्यावरचा आमचाच खलाशी. त्याला हँडल मारता येत होतं आणि इंजिन बंद करता येत होतं. या दोन गोष्टींच्या मधलं काही त्याला येत नव्हतं.

पावसाळ्यातलं आमचं घर म्हणजे सुक्या मासळीचा वास आणि चुलीचा धूर. कधी कुळथाची पिठी आणि भात, कधी सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून, बरोबर कोकमाची कढी. संध्याकाळी आई फणसाच्या आठळ्या राखेत पुरायची आणि त्या फुटल्या की टपकन आवाज यायचा. कौलांवर पाऊस, पलीकडे समुद्राचा एकसारखा घोष. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वाडीतल्या लोकांना मी सगळं वाचू शकते असं वाटायचं. कुणाच्या औषधाची बाटली, कुणाचं विजेचं बिल, कुणाला मुंबईहून आलेला कागद, सगळं माझ्यापुढे यायचं. मला वाचता यायचं, पण त्याचा अर्थ दर वेळी कळायचाच असं नाही. तरी "माहीत नाही" म्हणायची मला लाज वाटायची. कॉलेजात सर काही विचारायचे तेव्हाही मी हळू आवाजात काहीतरी बोलून बसायची, गप्प राहण्यापेक्षा ते बरं वाटायचं. हा माझा दोष मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते त्याच्याशी जोडलेलं आहे.

अशाच एका संध्याकाळी बाबांनी ते पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं.

"बाय, ह्या वायच वाच बगूया."

"बाबा, ह्या इंजिनाचा आसा. माका इंजिनातला काय कळता?"

"इंग्रजी कळता मा? मगे झाला."

"कॉलेजात नुसते बेडूक कापतंस काय गो?" आई चुलीकडून म्हणाली.

मी डिक्शनरी घेऊन बसले. तीन संध्याकाळी लागल्या. खरं सांगायचं तर पहिल्या संध्याकाळी कंटाळा आला होता आणि तिसऱ्या संध्याकाळी जेवायला उठवत नव्हतं. ऑइल म्हणजे इंजिनाचं खाणं, डिझेलसारखंच ते जळून जात असेल, असं मी समजत होते. पुस्तकात वेगळंच निघालं. ते जळत नाही, ते फिरत राहतं. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून दोहोंच्या मधे एक पातळ पदर धरून राहतं, आणि घासून निघालेली सगळी घाण स्वतःत घेतं. म्हणून ते काळं पडतं. समुद्राचं पाणी वेगळ्या वाटेने इंजिनात येतं, त्याला थंड करतं आणि बाहेर जातं. हे पाणी आणि ते ऑइल एकाच लोखंडात बोटभर अंतरावरून फिरत असतात, पण त्यांनी कधी भेटायचं नसतं. मी हे बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते आठळी सोलायचे थांबले. "बोटभर?" त्यांनी विचारलं.

पुस्तक वाचता येत होतं, पण ते घेऊन होडीत कोण उतरणार, हा प्रश्न होता. बाबलला इंग्रजी येत नव्हतं, बाबांना इंजिन येत नव्हतं, आणि आमच्या वाडीत बाईमाणसाने मासेमारीच्या होडीवर पाय ठेवायचा नसतो.

"होडयेर चढतली ती?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतले?"

"ती खंय होडी आसा आता?" बाबा म्हणाले. "नारळ फुटेसर ता नुसता लाकूड. पावसाभर तेच्यार कोंबडे बसतत, ता चलता?"

"कोंबड्यांका लाज नाय. आमका आसा."

पण आईने अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा तिनेच समुद्राचं पाणी कळशीने आणून पिंपात भरलं. होडी जमिनीवर, तेव्हा इंजिन थंड ठेवायला पाणी असं बाहेरूनच द्यावं लागणार होतं. ऑइल काढण्याआधी इंजिन थोडं चालवून गरम करा, म्हणजे तळाची घाण ऑइलात मिसळते आणि सगळी बाहेर येते, असं पुस्तकात लिहिलं होतं. बाबलने हँडल मारलं. झापांखाली कोंडलेल्या त्या आवाजाने शेजारची कुत्री पळाली. मी इंजिनाच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच बसले होते. त्याच्या अंगाला हात लावला तर ते हळूहळू तापत होतं. मला उगीच संकोचल्यासारखं झालं.

ऑइल सोडायचा बोल्ट इंजिनाच्या बुडाला असतो, असं पुस्तक सांगत होतं. पण आमच्या इंजिनाचं बुड होडीच्या लाकडाला जवळजवळ टेकलेलं, खाली हात जायला जागाच नाही. मी अर्धा तास पुस्तक आणि इंजिन आलटून पालटून बघत बसले. मग दाजीच्या पितळी पंपाची बारीक नळी पाहिली आणि तो पंप कशासाठी ठेवलाय ते कळलं. इंजिनाच्या बाजूला तेल मोजायची एक लांब पट्टी खोचलेली असते, दाजी तिला गेज म्हणायचा. ती उपसून काढली की तिच्याच भोकातून नळी तळापर्यंत जाते आणि वरून ऑइल ओढून घेता येतं. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मला उमगलं. त्या आनंदात मी स्वयंपाकघराच्या मागून हाताला लागला तो पत्र्याचा डबा आणला आणि पंप मारू लागले. ऑइल आलं ते गरम, काळं, वर थोडा फेस. पंपाच्या हिसक्याने फेस येत असेल, असं मला वाटलं. ते काळं असतं हे मला माहीत होतं. कसं काळं असायला हवं, हे माहीत नव्हतं. मग फिल्टर बदलला, नवं ऑइल घातलं, गेज पुसून बुडवून पुन्हा काढलं. मधाच्या रंगाचं ऑइल बरोबर वरच्या खुणेपाशी आलं होतं. बाबलने "वा गो बाय!" म्हटलं. बाबा होडीला टेकून उभे होते, पिंपातलं उरलेलं पाणी त्यांनी स्वतः ओतलं.

इंजिनातून काढलेल्या जुन्या ऑइलाला आमच्याकडे जळकं ऑइल म्हणतात, आणि त्याला मोठा मान. वाळवी लागू नये म्हणून घराच्या वाशांना, कुंपणाच्या खुंटांना ते लावतात. कुणाच्या होडीचं ऑइल निघणार हे कळलं की लोक आधीच सांगून ठेवतात. त्या वर्षीचं तुळसाकाकीने मागितलं होतं. ती आमची शेजारीण, बाबांची लांबची भावजय. तिसऱ्या दिवशी ती आली आणि होडीच्या आडोशाला ठेवलेला डबा तसाच उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना तोच डबा घेऊन ती अंगणात उभी.

"अगो बाय, माका आईल दिलंस काय ताक?"

"काय झाला, वयनी?" बाबांनी विचारलं.

"वाशांक लावलंय तर थेंब थेंब खाली येता. डबो कलंडून बगलंय, तर तळाक पाणी!"

बाबा हसले. "पावसाचा आसतला. होडयेकडेच होतो मा डबो."

"मगे झाकण खंय होता?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घास हातात धरून बसले होते. डबा भरला, उचलून होडीच्या कडेला ठेवला, इथपर्यंत मला स्पष्ट आठवत होतं. पुढे नवं ऑइल, फिल्टर, बाबलची शाबासकी. झाकण मधे कुठे सापडत नव्हतं. लावलं असेन, नसेनही. लावलं म्हणावं तर पाणी इंजिनातून आलं. नाही म्हणावं तर पावसाचं. आणि पाणी इंजिनातून आलं असेल तर काय होतं, तेही मी पुस्तकात वाचलं होतं. खारं पाणी ऑइलात शिरलं की तो पातळ पदर फाटतो, लोखंडाला लोखंड घासतं आणि चालतं इंजिन एकाएकी जाम होतं. आमच्या खाडीच्या तोंडाशी उथळ वाळू आहे आणि श्रावणातल्या लाटा तिथे उभ्या राहतात. मी शाळेत असताना पलीकडच्या वाडीतल्या होडीचं इंजिन नेमकं त्या ठिकाणी बंद पडलं होतं. होडी आडवी झाली आणि खडपाच्या खडकांवर गेली. दोघं परत आले नाहीत. त्यांना शोधायला गेलेल्यांत बाबा होते.

"सांग मा, उघडो ऱ्हवलो म्हणान," आई म्हणाली. "कोण तुका खाता काय?"

ती मला वाचवायला बघत होती. चूक माझ्यावर घेतली की विषय मिटत होता, तुळसाकाकी दोन शब्द बोलून गेली असती, बाबा निश्चिंत झाले असते. मला ते शब्द ओठांवर आलेलेही आठवतात. पण त्याच वेळी तो फेसही आठवला.

"माका आठवत नाय," मी म्हटलं.

"आठवत नाय म्हणजे?"

"म्हणजे झाकण लावलंय काय नाय, ता माका ठाऊक नाय."

इतकं साधं वाक्य बोलायला मला किती जोर लागला, हे मी आज शाळेत मुलांना शिकवते तरी नीट सांगू शकत नाही. बाबांनी हात धुतले, डबा कलता केला, तळाच्या पाण्यात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

"खारा," ते म्हणाले.

पाऊस खारा नसतो, म्हणजे उत्तर मिळालं होतं. तेवढ्यात आई पुढे आली, तिने डबा फिरवून बघितला आणि कपाळाला हात लावला. "शिरा पडो माझ्या तोंडार! ह्यो तर बांगडे खारवूचो डबो. धुवचो ऱ्हवलेलो." पत्र्याच्या सांध्यांत मिठाचे पांढरे कण अजून दिसत होते. अशा डब्यात पाऊस पडला तरी खारट, इंजिनातलं पाणी आलं तरी खारट. तुळसाकाकी हसायला लागली आणि मग बाबांचा चेहरा बघून थांबली. "माझे वासे ऱ्हवले ते ऱ्हवले," ती जाता जाता म्हणाली, "तुमी मात्र जपा रे."

संध्याकाळी आम्ही पुन्हा पिंप भरलं आणि इंजिन दहा मिनिटं चालवलं. गेज काढलं तर ऑइल स्वच्छ, मधासारखं. बाबल म्हणाला, "बगा, पावसाचाच." बाबांनीही मान हलवली, पण ती मान मला पटलेल्या माणसाची वाटली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी मालवणच्या एका टेलिफोन बूथवरून दाजीला फोन लावला. पावसाळ्यात ट्रॉलर धक्क्याला असायचे आणि तिथल्या चहाच्या दुकानात निरोप दिला की माणूस बोलावून आणत. दाजीचा आवाज ऐकून मला रडूच आलं, का कोण जाणे.

"आईल तुया बदललंस?" तो ओरडला. "देवा रे! आणि तांडेल काय करी होतो?"

"उबे होते."

"बरा केल्यान. रंग कसो होतो?"

"काळो."

"काळो सगळोच आसता गो. डांबरासारो काळो, काय दूध घातल्यासारो?"

"माका ठाऊक नाय. मी पयल्यांदाच बगलंय."

त्याने विचारलं, "फेस होतो?" मी "होतो" म्हटलं. "दहा मिन्टां चालवन काय समजाचा नाय," तो म्हणाला. "थंड इंजिन खोटा बोलता. होडी पाण्यात घाला, दोन तास जोरान चालवा, मगे रातभर गप ठेवा. सकाळी हँडल मारूच्या आदी गेज काढून बगा. पाणी आसला तर खाली बसतला. पण तांडेलाक सांग, तोवर तोंडाभायर जावचा नाय."

हे सांगणं सोपं होतं, करणं नव्हतं. होडी पाण्यात घालायची ती नारळी पौर्णिमेला, नारळ फोडून. आणि नारळ फुटला की सगळ्या होड्या एकापाठोपाठ एक खाडीच्या तोंडातून बाहेर पडतात. पहिल्या दिवशीची मासळी घरी आली की वर्ष चांगलं जातं, असं सगळेच मानतात. त्या दिवशी तांडेलाने आतच थांबायचं म्हणजे हातात काठी असून घरात बसलेल्या राखणदारासारखं. मी दाजीचा निरोप जसाच्या तसा सांगितला. शेवटी मी असंही म्हटलं की पाणी आहेच असं नाही, नसेलही. बाबांनी विचारलं, "तुका काय वाटता?" मी म्हटलं, "माका ठाऊक नाय, बाबा. पण बगल्याशिवाय तुमी जावा नको."

पौर्णिमेला आईने ओवाळलं, बाबांनी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटले. त्या क्षणापासून ती पुन्हा होडी झाली आणि मी वाळूवर उभी राहिले. बाकीच्या होड्या एकेक करून बाहेर पडू लागल्या. आमची तोंडापर्यंत गेली, वळली, आणि खाडीत फेऱ्या घालू लागली. वर पुलापर्यंत, पुन्हा खाली तोंडापर्यंत. किनाऱ्यावर वाडीतली सगळी माणसं होती.

"काय रे तांडेल," बाहेर पडणाऱ्या एका होडीवरून तिचा तांडेल ओरडला, "देवळाक प्रदक्षिणा घालतंस काय?"

"चेडवाची परवानगी नाय मिळाली!" दुसऱ्या होडीवरचा एक जण माझ्याकडे हात करून म्हणाला, आणि दोन्ही होड्यांवरून हसण्याचा आवाज पाण्यावरून आला.

बाबा मागे वळले नाहीत. दोन तास होडी जोरात फिरत राहिली. मी आईशेजारी उभी राहून आवाज ऐकत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तो गिळलेला ठोका ऐकू आला. की मला तसं वाटलं, कोण जाणे. संध्याकाळी इतरांच्या घरांतून ताज्या मासळीच्या कढीचा वास येऊ लागला. तुळसाकाकीने दोन पापलेटं पाठवली. ती आईने तळली, पण बाबांनी खाल्ली नाहीत. म्हणाले, "उद्या खाईन." जेवताना माझ्या मनात आलं, गेजावर पाणी निघालं तर बरं, निदान बाबांचं हसं फुकट गेलं नाही असं होईल. लगेच माझीच मला भीती वाटली. पाणी निघणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. मी खाली मान घालून भात कालवत राहिले.

सकाळी भरती उतरत होती. होडी कमरेइतक्या पाण्यात नांगरलेली. बाबा आणि बाबल पाण्यातून चालत गेले आणि वर चढले. जाळी कालपासून होडीतच रचून ठेवलेली होती, गेज ठीक निघालं तर तिथूनच बाहेर पडायचं ठरलं होतं. बाजूच्या दोन होड्या निघायच्या तयारीत होत्या. मी पाण्याच्या कडेला उभी राहिले. बाबल इंजिनाच्या पेटीकडे वाकला, तर बाबांनी त्याला हाताने बाजूला केलं आणि झाकण स्वतः उघडलं. मी त्यांना ते झाकण उघडताना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. ते आत वाकले. काही वेळ त्यांची पाठच दिसत होती. मग उठले, गेज उन्हाकडे धरलं, बघितलं, पुन्हा बघितलं.

तिथून ओरडून सांगता आलं असतं. बाबल तोंड उघडायला गेला, पण त्याला त्यांनी गप्प केलं. ते पाण्यात उतरले आणि माझ्याकडे चालत आले. एका हातात गेज आडवं धरलेलं, टोकाचा थेंब पाण्यात पडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्याखाली. लाट आली की हात वर करायचे, थांबायचे, मग पुढचं पाऊल. माझ्यासमोर येऊन त्यांनी ते धरलं.

"काय दिसता?"

वर खुणेपाशी ऑइल कालच्यासारखंच होतं, थोडं काळवंडलेलं. पण अगदी टोकाला, शेवटच्या अर्ध्या बोटावर, दूध उतू जाताना भांड्याच्या काठाला चिकटतं तसं काहीतरी राखी-पांढरं होतं. मी ते नखावर घेतलं, दोन बोटांत चोळलं. आधी बुळबुळीत लागलं, मग ओलं. मी घाई केली नाही. ऊन पाठीवर घेऊन पुन्हा बघितलं.

"पाणी आसा, बाबा."

"नक्की?"

"नक्की. ह्या येळाक नक्की."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, गेजाकडे नाही. मग वळून होडीकडे हाक मारली, "बाबल! जाळी उतरव."

बाजूची होडी तेवढ्यात निघाली होती. तिच्यावरचा तांडेल काल ओरडलेलाच. "काय रे, आज पण खाडयेतच?" तो म्हणाला.

"इंजिनात पाणी गेला," बाबा मोठ्याने म्हणाले, किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमच्या बायन शोधल्यान."

त्या होडीवरचं हसू तिथेच थांबलं. पुढे जाता जाता त्यांच्यातला एक जण आपल्या इंजिनाच्या पेटीकडे वळून बघत होता. बाबलने जाळं खांद्यावर घेऊन पाण्यातून आणलं आणि वाळूवर टाकलं. एक टोक बाबांनी उचललं आणि दुसरं माझ्याकडे फेकलं. मी ते धरलं, आणि या मोसमात एकदाही न भिजलेलं ते जाळं आम्ही दोघं मिळून घराकडे ओढू लागलो.